दूधगाडीचा शेवटचा डबा

माझी ताई भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या टेबलावर माणूस आडवा झाला की त्याच्या उशाशी उभी राहून 'घाबरू नका, आता मोठा श्वास घ्या' म्हणणारी जी बाई असते, ती. दिवसभर माणसं झोपवायची आणि घरी येऊन जमिनीवर पालथं पडून खेळण्यातल्या आगगाड्या पळवायच्या, असा तिचा गेल्या कित्येक वर्षांचा दिनक्रम आहे.

आगगाड्याही कुठल्याही चालत नाहीत. जपानीच हव्यात, प्लास्टिकच्या, एका सेलवर धावणाऱ्या आणि आम्ही फ्रॉक घालायचो त्या काळातल्या. एकात एक अडकणारे निळे रूळ, तळहातावर मावेल एवढं इंजिन, मागे दोन डबे. इंजिनाच्या टपावरचं बटण पुढे सारलं की गाडी घरघर करत निघते आणि सेल संपेपर्यंत थांबायचं नाव घेत नाही.

पहिली गाडी तिला जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली, तीही बंद पडलेली. आत सेल फुटून हिरवा थर साचला होता. ताईनं तो व्हिनेगरनं पुसला, अडकलेलं दातेरी चाक टाचणीनं सोडवलं, तेलाचा एक थेंब सोडला आणि बटण सारलं. गाडी जेवणाच्या टेबलावरून सरळ मिठाच्या बरणीवर जाऊन आदळली.

"उठली! अगं आई, उठली!" ताई एवढ्या मोठ्यानं किंचाळली, की आतल्या खोलीतून आई काठी उगारून बाहेर आली. तिला वाटलं, उंदीर.

"आयुष्यभर लोकांना झोपवलं," ताई मला नंतर म्हणाली, "उठवलं असं कुणाला वाटतच नाही. उठले की सगळे सर्जनचे आभार मानतात."

तेव्हापासून घरात गाड्या शिरल्या त्या शिरल्याच. आधी पुस्तकांच्या कपाटात, मग चपलांच्या, मग फ्रिजवर. आईच्या औषधांच्या बाटल्यांमागे एक मालगाडी कायमची मुक्कामाला आली. पांढरं प्लास्टिक जुनं झालं की पिवळं पडतं. ते उजळायला ताई डबे कसल्याशा औषधात बुडवून गॅलरीत उन्हात ठेवायची. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, "काय वाळत घातलंय हो?" आई म्हणाली, "माझी मुलगी." ताई खरंच तिथे डब्यांना राखण म्हणून टोपी घालून बसली होती.

ताईनं लग्न केलं नाही. आई तिच्याकडे राहते आणि मी दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे त्या घरातली प्रत्येक गोष्ट मला दोनदा कळते, एकदा ताईकडून आणि एकदा खरी.

दूधगाडी आली ती दातामुळे. ताईची दाढ दुखत होती म्हणून ती दंतवैद्याकडे गेली. म्हातारा दवाखाना बंद करून मुलाकडे निघाला होता. बाहेरच्या खोलीत मुलांसाठी ठेवलेली खेळणी पोत्यात भरून टाकलेली. ताईनं पोत्यात डोकं घातलं आणि आत तिला पिवळं इंजिन दिसलं, त्यामागे दुधाच्या टाकीचा गोल पांढरा डबा. तिचं तोंड आधीच सुजलेलं, त्यात आ वासलेलं. दंतवैद्याला वाटलं, दाढ दाखवतेय.

"ती राहू द्या," ताई म्हणाली, "ही गाडी देता का?"

म्हातारा म्हणाला, "पोतंच न्या."

पोतं घरी आलं. दाढ तशीच राहिली आणि पुढचे आठ दिवस ताई एका गालानं हसत होती.

ही दूधगाडी फार दुर्मिळ, असं ताई म्हणते. थोडेच दिवस निघाली आणि बंद झाली. इंजिन, दुधाची टाकी आणि शेवटी गार्डचा तपकिरी डबा, असे तीन तुकडे. त्या गार्डच्या डब्याची खरी मौज. डब्याच्या पाठीमागे नखाएवढा गार्ड उभा असतो आणि चाकं फिरू लागली की त्याचा कंदील धरलेला हात वरखाली होतो. ताईनं पोतं तीनदा उलटं केलं. बाहुलीचे पाय निघाले, अर्धी शिट्टी निघाली, गार्ड काही निघाला नाही.

मग शोध सुरू झाला. अशा गाड्या जमवणाऱ्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. सगळे एकमेकांना स्क्रूंचे फोटो पाठवत असतात. एका सकाळी कुणीतरी आपल्या नव्या सिग्नलचा फोटो टाकला. सिग्नलच्या मागे काचेचं कपाट होतं आणि त्या कपाटात, मधल्या फळीवर, धूसर असा गार्डचा डबा. ताईनं फोटो एवढा मोठा करून बघितला की शेवटी स्क्रीनवर नुसता तपकिरी रंग उरला.

तिनं लगेच त्या गृहस्थांना लिहिलं: 'तुमच्याकडचा गार्डचा डबा द्याल का? माझ्याकडे इंजिन आणि टाकी आहे.'

उत्तर आलं: 'डबा विकायचा नाही. मूळ खोकंही माझ्याकडेच आहे. इंजिन आणि टाकी द्याल का?'

झालं. दोघांनाही संच पुरा करायचा आणि दोघांनाही हातातलं सोडायचं नाही. ताई लिहायची, इंजिनाशिवाय गाडी कसली? ते लिहायचे, शेवटच्या डब्याशिवाय गाडी संपली हे कळणार कसं? ताईनं बदल्यात दुसऱ्या तीन गाड्या देऊ केल्या. त्यांनी चार देऊ केल्या. हे दीड-दोन वर्षं चाललं. गृहस्थ विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायचे. कुठे आग लागली, कुठे पाणी शिरलं, की हे जाऊन बघणार, खरंच किती जळलं आणि किती जळलं म्हणून सांगतायत. त्यामुळे संशय हा त्यांचा स्थायीभाव. ताईच्या इंजिनाचे फोटो त्यांनी चारी बाजूंनी मागवले, पोटाकडूनही. ताईनं पाठवले आणि खाली लिहिलं, 'रोग्यानं सकाळपासून काही खाल्लेलं नाही.' त्यावर त्यांनी हसण्याचं चिन्हसुद्धा पाठवलं नाही.

आमच्या घरात आम्ही त्यांना गार्डसाहेब म्हणू लागलो.

"आज गार्डसाहेबांचं काय?" आई चहा पिताना विचारायची, जशी हवामानाची चौकशी करावी तशी.

"नाही म्हणाले."

"कसे नाही म्हणाले? कालच्यासारखे की जरा मऊ?"

शेवटी आईचा धीर सुटला. ताई हॉस्पिटलात असताना तिनं माझ्याकडून नंबर लावून घेतला आणि फोन कानाला लावून, ओळख ना पाळख, सरळ सुरुवात केली.

"अहो, मी त्या इंजिनाची आई बोलतेय."

पलीकडून नुसतं 'आँ?' आलं.

"तुम्ही दोघं पन्नाशी ओलांडलेली माणसं. एकाकडे शेंडी, एकाकडे बुडखा. असं पत्रांतून भांडत बसलात तर मी वर जायची वेळ येईल आणि ती गाडी काही धावायची नाही. रविवारी डबा घेऊन चहाला या. विकू नका, देऊ नका. नुसता जोडून एकदा पळवा आणि परत घेऊन जा. मला बघायचाय तो हात हलवणारा मेला."

गार्डसाहेबांच्या उभ्या नोकरीत त्यांना कुणी असं बोललं नसावं. ते एवढंच म्हणाले, "किती वाजता येऊ?"

रविवारी ते आले. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा सदरा, वरच्या खिशात भिंग. डबा त्यांनी चष्म्याच्या घरात, मऊ फडक्यात गुंडाळून आणला होता. आधी त्यांनी दारातूनच खोलीची पाहणी केली. छतावरचा ओलीचा डाग बघून म्हणाले, "वरच्यांची मोरी गळतेय."

"ते आम्हाला माहीत आहे," ताई म्हणाली. "बसा."

ते बसले नाहीत. इंजिन हातात घेऊन खिडकीपाशी गेले आणि त्याला भिंग लावलं.

"हा ओरखडा कधीचा?"

"माझ्याकडे येण्याआधीचा."

"सगळे असंच सांगतात."

"आणि मी भूल देताना सगळे सांगतात, की आम्ही सिगारेट ओढत नाही," ताई म्हणाली. "मी कुणाला खोटं ठरवत बसत नाही. श्वासाच्या नळीतून कळतंच."

मी चहा घेऊन आले तेव्हा दोघं समोरासमोर बसून रुळांवरून वाद घालत होती. रूळ गोल मांडायचे की आठाच्या आकड्यासारखे? आईनं काठी आपटून निकाल दिला: गोल, आणि ते तिच्या खुर्चीखालून गेले पाहिजेत. मग ताई आणि गार्डसाहेब दोघांनी गुडघ्यांवर बसून रूळ जोडले. ताई ते काम डोळे मिटूनही करते. गार्डसाहेब प्रत्येक जोड बोटानं दाबून बघत होते. मला आश्चर्य वाटलं, एवढ्या गाड्या बाळगणारा माणूस आणि रूळ जोडताना त्याला उलटी-सुलटी बाजू कळेना.

सगळं मांडून झालं. इंजिनाला टाकी जोडली. गार्डसाहेबांनी चष्म्याचं घर उघडलं, डबा दोन बोटांत धरून रुळावर ठेवला आणि हलकेच पुढे सरकवला.

डबा टाकीला टेकला आणि तसाच मागे आला.

त्यांनी पुन्हा सरकवला. पुन्हा मागे.

ताई वाकली. टाकीच्या मागच्या बाजूला एक छोटी कडी होती, खुंटीवर बसवायची. आणि गार्डच्या डब्याला पुढे खुंटी नव्हतीच. होता तो आकडा, गळासारखा वळलेला. कडी आणि आकडा यांची काही केल्या भेट होईना.

दोन वर्षं ज्यासाठी जीव पाखडला, ते दोन तुकडे एकमेकांचे नव्हतेच.

"तुमची टाकी दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची आहे," गार्डसाहेब म्हणाले.

"माझी? इंजिन, टाकी, दोन्हींची कडी सारखी आहे. तुमचाच डबा उपरा."

"माझ्याकडे खोकं आहे!"

"खोकं काय, जोडेही खोक्यात येतात!"

इतक्यात आई हसायला लागली. आधी खांदे हलले, मग खुर्ची. "अरे देवा," ती डोळे पुसत म्हणाली, "पत्रिका न बघता मुहूर्त काढला की हो!"

गार्डसाहेब कानापर्यंत लाल झाले. आयुष्यभर लोकांच्या मालावर संशय घेतला आणि स्वतःच्या डब्याची खुंटी कधी तपासली नाही, हे त्यांना फार लागलं असावं. पण माणूस मोडेल, पण वाकणार नाही असला. म्हणाले, "हे तपासलं पाहिजे. तिसऱ्या माणसाकडून."

तिसरा माणूस ताईनंच शोधला. गावात एके काळी खेळण्यांचं मोठं दुकान चालवणाऱ्या एक बाई होत्या. आता दुकानाच्या जागी फोनची कव्हरं विकतात आणि बाई वरच्या मजल्यावर राहतात. पुढच्या रविवारी मी, ताई आणि गार्डसाहेब त्यांच्याकडे गेलो. दोघांनी आपापले तुकडे टेबलावर अशा थाटात ठेवले, जणू न्यायालयात पुरावा मांडतायत. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून ते उचलले आणि लगेच हसल्या.

"अजून जिवंत आहेत का ही पोरं? फार छळलं हो यांनी मला. मध्येच कारखान्यानं डबे जोडायची पद्धत बदलली. आधी कडी होती, ती पोरांच्या हातून तुटायची, म्हणून मग आकडा आणला. माझ्याकडे आधीच्याही गाड्या पडून होत्या आणि नंतरच्याही आल्या. कुणी डबा हरवला म्हणून सुटा घेऊन जायचं आणि दुसऱ्या दिवशी भांडायला यायचं, की बसत नाही. मी त्यांना दोरा द्यायचे."

"म्हणजे खरी दूधगाडी कुठली?" दोघांनी एकदमच विचारलं.

"दोन्ही. तुमची कडीची, यांची आकड्याची. दोन बहिणी म्हणा ना." माझ्याकडे आणि ताईकडे बघत त्या म्हणाल्या, "सारख्या दिसतात, पण एकीचं झंपर दुसरीला होईलच असं नाही."

आम्ही जिना उतरलो. खाली फुटपाथवर आल्यावर ताई थबकली.

"म्हणजे मला कडीवाला गार्ड हवाय."

"आणि मला आकड्याचं इंजिन आणि आकड्याची टाकी," गार्डसाहेब सावकाश म्हणाले.

"म्हणजे तुमचा डबा मला नकोच आहे."

"मलाही तुमचं इंजिन नको."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. ज्याच्याशी दोन वर्षं युद्ध केलं, त्या शत्रूचं आणि आपलं काही वैरच नाही म्हटल्यावर माणसानं करायचं काय? गार्डसाहेबांनी घड्याळ बघितलं, ताईनं पर्स उघडून बंद केली. शेवटी मीच म्हटलं, "समोर कॉफी मिळते."

त्या कॉफीपासून रविवार सुरू झाले. आता शोध एकत्र चालायचा. कुठलं जुनं दुकान बंद होतंय, कुणाचा माळा रिकामा होतोय, याची बातमी ताईला पेशंटांकडून मिळायची. "गुंगीत जाताना माणूस खरं बोलतो," ती म्हणायची, "मी आकडे मोजायला सांगायच्या ऐवजी विचारते, घरात जुनी खेळणी आहेत का?" ती हे गमतीत सांगायची, असं मी धरून चालते. गार्डसाहेब पाहणीला जात तिथे जळक्या गोदामांच्या कोपऱ्यांतही डोकावून यायचे. रविवारी दुपारी ते यायचे, आईच्या खुर्चीशेजारी बसून आठवड्याचा वृत्तान्त सांगायचे, दोन कप चहा प्यायचे. छतावरच्या डागाकडे बघून 'वाढतोय' म्हणायचे आणि जायचे. आई त्यांच्यासाठी बिस्किटांचा वेगळा डबा ठेवू लागली. एकदा मी त्यातलं एक उचललं, तर हातावर फटका बसला.

असे पाच-सहा महिने गेले. आणि मग एका रविवारी सगळं बिघडलं.

झालं असं, की गार्डसाहेबांच्या बाहीचं बटण लोंबत होतं. आई म्हणाली, "थांबा, टाका घालते." आईला अजून सुई ओवता येते आणि तिला त्याचा गर्व आहे. ती शिवणाच्या मशीनपाशी गेली, दोऱ्यासाठी खण उघडला आणि म्हणाली, "अगं, तुझी दूधगाडी इथे कशी? दोऱ्यात गुंतली असती म्हणजे?"

तिच्या हातात पिवळं इंजिन होतं आणि मागे लोंबणारी टाकी.

मी सवयीनं फ्रिजकडे बघितलं. ताईची दूधगाडी फ्रिजवर जागच्या जागी होती.

ताई पांढरीफटक पडली. गार्डसाहेब उठले. त्यांनी आईच्या हातातून इंजिन घेतलं, उलटं केलं, भिंग लावायची गरजच नव्हती. टाकीच्या शेपटाला आकडा होता.

"ही आकड्याची आहे," ते म्हणाले.

"हो," ताई म्हणाली.

"कधी मिळाली?"

ताई चहाचे कप गोळा करू लागली.

"डॉक्टर, कधी मिळाली?"

"झाले तीनेक महिने. एक बालवाडी बंद झाली, तिथे."

गेले तीन महिने हा माणूस दर रविवारी येऊन 'अजून काही पत्ता नाही' म्हणत होता आणि ताई 'मिळेल हो' म्हणत त्यांच्या कपात साखर घालत होती. गार्डसाहेबांनी इंजिन अलगद टेबलावर ठेवलं. रागावलेला माणूस आदळतो, ओरडतो. यांनी तसलं काही केलं नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

"माझी नोकरी लपवालपवी करणारी माणसं शोधण्यात गेली," ते म्हणाले. "इथे मी भिंग खिशात ठेवून यायचो." आणि आईला नमस्कार करून, बटण तसंच लोंबत ठेवून ते निघून गेले. इंजिनही नेलं नाही.

दार लागल्यावर मी ताईवर घसरले. "तुला काय अवदसा आठवली? दोन्ही गाड्या हव्या होत्या का तुला?"

"नको होती मला," ताई म्हणाली. "सुरुवातीला वाटलं, त्यांच्या वाढदिवसाला देऊ. मग वाढदिवस कधी ते विचारायचं राहिलं. मग वाटलं, पुढच्या रविवारी. मग..."

आई खुर्चीत बसून सुईत दोरा ओवत होती. बटण निघून गेलं होतं, तरी ओवत होती. म्हणाली, "मग काय, ते मला ठाऊक आहे. झाकलं कोंबडं आरवायचं राहत नाही, एवढंच."

पुढचा रविवार सुना गेला. त्याच्या पुढचाही. ताईनं दोन फोन केले, उचलले नाहीत. तिनं गाड्या चालवणं सोडलं. मी संध्याकाळी डोकावले तर ती टेबलाशी बसून आकड्याचं इंजिन नुसतं कापडानं पुसत असायची. आईही चिडचिडी झाली. बिस्किटं मऊ पडतायत म्हणून तिनं मला डबा संपवायला सांगितला, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की प्रकरण गंभीर आहे.

"ऊठ," मी ताईला म्हटलं. "आत्ता जायचं आणि देऊन यायचं."

"तू चल."

"मी कशाला?"

"दार लावून घेतलं तर परत येताना कुणी सोबत नको का?"

गार्डसाहेबांचं घर एका शांत रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. ताईनं बेल दाबली आणि पिशवी छातीशी धरून उभी राहिली. हजारो लोकांना 'घाबरू नका' म्हणणारी बाई ते आता स्वतःशीच पुटपुटत होती. दार उघडलं. त्यांनी आधी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पिशवीकडे आणि बाजूला झाले.

आत गेल्यावर मी चाटच पडले. सगळ्या भिंतींना काचेची कपाटं आणि आत गाड्याच गाड्या. खोकी तशीच्या तशी, कडा न दबलेली, रंग काल छापल्यासारखे. कुठे धूळ नाही, बोटाचा ठसा नाही. पण एवढ्या घरात रुळाचा एक तुकडा जमिनीवर नव्हता.

"तुम्ही चालवत नाही?" ताईनं विचारलं. ती पिशवीबद्दल बोलायला आली होती, पण हेच तोंडून निघालं.

"कधीच नाही."

"एकसुद्धा?"

"मी रोज काय बघतो, डॉक्टर? जळलेली कपाटं, भिजलेल्या गाद्या, वितळलेले पंखे. घरी यावं आणि इथे तरी काही मोडलेलं नसावं, असं वाटतं." त्यांनी कपाटाची स्वच्छ काच उगाच पुसली. "तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा रूळसुद्धा मला जोडता येईनात. तुमच्या लक्षात आलंच असेल."

"नाही आलं," ताई म्हणाली. आलं होतं, तिनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं. पण हे खोटं मी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

मग तिनं पिशवीतून इंजिन आणि टाकी काढून टेबलावर ठेवली आणि एका दमात बोलून टाकलं. "मी लपवली. दिली असती तर तुमचा संच पुरा झाला असता. मग तुम्ही रविवारी कशाला आला असतात?"

मी दाराजवळ उभी राहून कपाटातल्या एका सिग्नलकडे फार लक्ष देऊन बघू लागले.

गार्डसाहेबांनी या प्रश्नाचा पाहणीदारासारखाच विचार केला, सगळ्या बाजूंनी. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "चहाला."

ताईला हसू आलं आणि हसताना रडूही आलं, आणि ते लपवायला ती रुमाल शोधू लागली. गार्डसाहेब एवढे गोंधळले की त्यांनी चष्मा पुसायचं फडकं तिच्या हातात दिलं.

मग त्यांनी कपाट उघडलं. मधल्या फळीवरून गार्डचा डबा काढला आणि टेबलावरच टाकीच्या आकड्यात अडकवला. टक्, असा आवाज झाला. तिन्ही तुकडे एका ओळीत उभे राहिले. आता ते ही गाडी उचलून काचेआड ठेवणार, असं मला वाटलं. त्यांनाही बहुतेक तसंच वाटत होतं, कारण त्यांचा हात कपाटाच्या दारापर्यंत गेला. तिथून तो खालच्या फळीकडे वळला आणि त्यांनी एक चपटं खोकं बाहेर काढलं. निळे रूळ, कारखान्यातून आले तसे, सीलबंद.

"अहो, ते फोडू नका!" ताईच ओरडली. "तसं सीलबंद आता जगात कुठे मिळायचं नाही!"

"माहीत आहे," ते म्हणाले आणि टेबलावरच्या कात्रीनं त्यांनी पट्टी कापली.

रूळ ताईनं जोडले. सेल गार्डसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळातून काढला. बटण सारलं, गाडी क्षणभर कुरकुरली आणि निघाली. पिवळं इंजिन, पांढरी टाकी, तपकिरी डबा आणि डब्यामागे तो नखाएवढा गार्ड, कंदील वर, कंदील खाली. गार्डसाहेब जमिनीवर बसले. मग एका कोपरावर टेकले. तिसऱ्या फेरीला ते ताईसारखेच पालथे पडले होते आणि इस्त्रीच्या सदऱ्याची त्यांना शुद्ध नव्हती.

वळणावर एक जोड नीट बसला नव्हता. गाडी तिथून सुटली ती थेट कपाटाखाली गेली आणि आत कुठेतरी घरघरत राहिली. दोघांनी गाल जमिनीला लावून खाली बघितलं.

"झाडू आहे का?" ताईनं विचारलं.

"आहे, पण डबा दुखावेल. पट्टी आणतो."

"पट्टी पुरणार नाही, तुमचा हात लांब आहे, घाला."

मी माझी पर्स उचलली आणि निघाले. जाते म्हणून सांगितलं, पण कुणी ऐकलं नाही.

लग्नाचं विचाराल तर ते अजून झालेलं नाही. आई महिन्यातून एकदा विषय काढते. ताई म्हणते, दोन घरं आहेत तीच बरी, एकात गाड्या मावत नाहीत. ते खरंही आहे. गार्डसाहेबांकडे आता एक कपाट बिनकाचेचं आहे. ताईला कडीवाला गार्ड मात्र अजून मिळालेला नाही, त्यामुळे सुट्टी मिळाली की दोघं कुठे ना कुठे निघतात.

परवा तिचा फोन आला. कुठल्याशा लांबच्या गावी, बंद पडलेल्या एका हॉटेलाच्या तळघरात ती दोघं उभी होती. मागे गार्डसाहेब कुणाला तरी विचारत होते, ही ओल कधीपासूनची आहे.

"सापडला का?" मी विचारलं.

"गार्ड नाही गं. पण इथे एक बर्फ काढायची गाडी आहे, पुढे पंखा फिरतो तिचा! फिरत नाहीये, पण फिरेल. आईला सांग, जेवायला थांबू नका म्हणावं, आम्ही खाऊन येऊ." आणि फोन ठेवता ठेवता ती तिकडे ओरडली, "अहो, तो स्क्रू आत्ता काढू नका, हरवेल!"